बावन्न गुंठे छप्पर

इंग्रज माणसाला स्वतःच्या घरी कुणी अचानक आलेलं चालत नाही. दुसऱ्याचं घर बघायला मात्र तो पावसात तीस मैल गाडी हाकत जातो, तिकीट काढतो आणि तिथल्या स्वयंपाकघरात ओळीने मांडलेली तांब्याची पातेली बघून हळहळतो. घर मात्र कुणा ड्यूकचं, अर्लचं, अगदीच नाही तर बॅरोनेटचं असावं लागतं. शेजारच्याचं घर त्याने वीस वर्षांत आतून पाहिलेलं नसतं.

आम्ही डर्बीत राहतो. गावापासून तासाभराच्या अंतरात केडलस्टन, कॉल्क ॲबी, हार्डविक आणि चॅट्सवर्थ असे चार नामांकित वाडे आहेत. भारतातून पाहुणे येतात ते मे ते ऑगस्टमध्ये, आणि वाडे पूर्ण वेळ उघडे असतात तेही त्याच सुमाराला. यातून जे व्हायचं ते होतं. लंडनचे पाहुणे राजाचा राजवाडा बाहेरून बघून परत जातात. आमचे पाहुणे चार-चार तास वाड्याच्या आत असतात, आणि यंदा आलेले काका तर छपरावर जायची परवानगी मागत होते.

काका सांगलीचे. सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांना इमारत दिसत नाही, ओल दिसते. ताजमहालापुढे उभं राहून त्यांनी चौथऱ्याच्या सांध्यांबद्दल शंका काढली होती, असं काकू सांगतात. काकूंचं लक्ष वेगळीकडे. एवढं घर झाडतं कोण, पितळ घासतं कोण आणि या लोकांचा स्वयंपाक कुणी केला, हे कळल्याशिवाय त्या पुढच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. दोघांनी मिळून यापूर्वी युरोपची सहल केलेली. त्या सहलीत एका दिवसात दोन देश आणि एक धबधबा बघितला होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी सकाळी सहा वाजता काका अंघोळ करून, माकडटोपी घालून, बूट बांधून हॉलमध्ये बसले होते.

"वाडा अकराला उघडतो," मी म्हटलं.

"अकराला? म्हणजे सरकारीच म्हण की."

सरकारी नव्हे, नॅशनल ट्रस्टचा. ही संस्था 1895 साली ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि कॅनन रॉन्सली या तिघांनी काढली. आज तिचे पन्नास लाखांहून जास्त सदस्य आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी ते सगळे आमच्याच पुढच्या गाडीत असतात. संस्थेने पहिली इमारत घेतली ती 1896 मध्ये, ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावातलं पाद्र्याचं जुनं, गवताने शाकारलेलं घर. किंमत दहा पौंड. हे ऐकून काकू हरखल्या. काका म्हणाले, "दहा पौंडांत देणाऱ्याने छपराकडे बघूनच दिलं असणार." आणि खरंच, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या कितीतरी पट आला होता.

वाडा बघायला गेलेला इंग्रज आधी वाडा बघत नाही. आधी तो चहा घेतो. चाळीस मिनिटं गाडी चालवून आलेला असतो, त्या श्रमातून सावरायला हवं. मग अंगणात फिरतो, फाटकाशी लावलेला फळा वाचतो, आज काय फुललं आहे ते बघतो, कुत्र्याला पाणी पाजतो. मग घर. घर झालं की सूप, मग बाग, साडेतीनला पुन्हा चहा आणि त्याच्याबरोबर स्कोन, स्कोनवर जॅम आणि जॅमवर घट्ट साय. जॅमवर साय की सायीवर जॅम यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांचं पिढ्यान् पिढ्या वैर आहे. डर्बीशायर या भांडणात पडत नाही, मिळेल तसं खातं. दुपारच्या या खाण्याचा मान वोबर्न ॲबीच्या ॲना मारिया या डचेसला देतात. 1840 च्या सुमाराला तिला दुपार आणि रात्रीच्या जेवणांमध्ये कासावीस व्हायला लागलं, म्हणून तिने चहा आणि काहीतरी खायला खोलीवर मागवायला सुरुवात केली.

"चार वाजता भूक लागते हे कळायला डचेस लागली?" काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून भडंग काढलं.

यात कुठेही घाई नसते. हेच काकांना सोसेना. केडलस्टन अडीच तासांत उरकून दुपारी हार्डविक आणि संध्याकाळी चॅट्सवर्थ, असा त्यांचा बेत. मी सांगितलं की एका दिवसाला एकच घर हा इथला रिवाज आहे. काका म्हणाले, "बरं, मग उरलेल्या वेळात करायचं काय?" मी बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर एक जोडपं बसलेलं होतं. बोलत नव्हतं, फोनमध्ये बघत नव्हतं, समोरच्या हिरवळीकडे बघत होतं. हिरवळीवर मेंढ्या होत्या, मेंढ्या चरत होत्या. काकांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मेंढ्यांनी दुसरं काही केलं नाही.

केडलस्टनबद्दल मात्र काकांची तक्रार नव्हती. हे कर्झन घराण्याचं घर. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन 1859 मध्ये इथेच जन्मला. मुख्य वाडा आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार वेगळे मांडव, वाकड्या सज्ज्यांनी जोडलेले, असा आराखडा होता. प्रत्यक्षात दोनच झाले. पुढे कलकत्त्याला गव्हर्नर जनरलसाठी घर बांधायचं ठरलं तेव्हा याच आराखड्याची नक्कल केली आणि 1803 पर्यंत चारही मांडव बांधून मोकळे झाले. स्वातंत्र्यानंतर ते तिथलं राजभवन झालं. म्हणजे कर्झन अर्धवट असलात जन्मला आणि पूर्ण नकलेत राहून त्याने राज्य केलं. काकांनी हे तिथल्या स्वयंसेवक आजोबांना विचारून दोनदा खात्री करून घेतलं आणि मग म्हणाले, "आमच्या माणसांनी काम पुरं केलं. नोंद घ्या." आजोबांनी मान डोलावली.

खाली कर्झनने आणलेल्या वस्तूंचं दालन आहे. तिथे काचेत लेडी कर्झनचा मोरपिसांच्या नक्षीचा झगा. 1903 च्या दिल्ली दरबाराच्या नृत्यसमारंभात घातलेला. शिवला पॅरिसच्या वर्थने, पण जरीचं काम हिंदुस्थानी कारागिरांचं, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात चकाकणारा हिरवा तुकडा लावलाय तो भुंग्याच्या पंखाचा. वजन सुमारे साडेचार किलो. काकू काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या शालूचं वजन सांगितलं, त्याचा काठ उसवून जर विकायला काढली होती त्या सालाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाल्या, "हिने हा एकदाच घातला असेल. असले कपडे एकदाच घालतात, आणि मग जन्मभर कसर लागू नये म्हणून जपतात." दालनातल्या बाईंना मी त्याचं भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, अगदी खरं, कसरीचा इथे फारच त्रास आहे. पुढची दहा मिनिटं डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला आणि लव्हेंडर या विषयावर दोघींची अशी चर्चा झाली की मधलं साम्राज्य दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

हे स्वयंसेवक म्हणजे वाड्यांचा खरा ऐवज. प्रत्येक खोलीत एक निवृत्त आजी किंवा आजोबा, गळ्यात बिल्ला, हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेली माहिती. बिनपगारी. आयुष्यभर बँकेत किंवा शाळेत काम केलेली ही माणसं आठवड्यातून एक दिवस एखाद्या अर्लच्या दिवाणखान्यात बसतात आणि त्याच्या आजोबांच्या भानगडी अशा आपुलकीने सांगतात, जणू भांडण कालच मिटवून आलेत. त्यांना प्रश्न विचारले की खूप आवडतं. एक सोडून. कुणी अठराव्या शतकातल्या खुर्चीवर बसू का म्हणून विचारलं, तर नाही म्हणणं त्यांना जड जातं. म्हणून खुर्चीच्या गादीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं असतं, नाहीतर पाइनचं फळ. पाटी नाही, दोरी नाही, शिट्टी नाही. बसायचं तर बसा. काकूंना ही युक्ती इतकी आवडली की सांगलीत हॉलमधल्या सोफ्यावर तीन ठेवायची त्यांनी मनात नोंद केली. कुणासाठी, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

परक्याचं घर बघायची ही सवय नवी नाही. ड्यूक-अर्लांच्या काळातही बऱ्या कपड्यांतला माणूस दाराशी आला तर हाउसकीपर त्याला घर दाखवायची आणि बक्षिसी घ्यायची. केडलस्टनची अशी एक मिसेस गार्नेट प्रसिद्ध होती. हातात छापील यादी धरून पाहुण्याची वाट बघत उभी असलेली, असं तिचं चित्रच आहे. डॉक्टर जॉन्सन आणि बॉझवेल 1777 मध्ये इथे येऊन गेले. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्येही एलिझाबेथ बेनेट डार्सीचं पेंबर्ली बघते ती अशीच, हाउसकीपरच्या मागून हिंडत. घर बघून आल्यावरच तिचं डार्सीबद्दलचं मत मऊ व्हायला लागतं. काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना तिच्यात प्रेमकथा दिसली नाही. "बरोबर केलं पोरीने. मुलाच्या घरी जाऊन बघितल्याशिवाय होकार कसा द्यायचा?"

चॅट्सवर्थला नॅशनल ट्रस्टचं कार्ड चालत नाही. तिथलं तिकीट वेगळं, आणि त्याचे रुपये करायचे नाहीत असं काकांना घरूनच बजावलं होतं. त्यांनी केले. मग गप्प झाले, आणि खर्च वसूल करण्याच्या इराद्याने वाड्याकडे बघायला लागले. आत मोठमोठी छतचित्रं होती, पुतळे होते. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो छपराचा. स्वयंसेवक बाईंचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. म्हणाल्या, एक पूर्णांक तीन एकर.

"बावन्न गुंठे!" काका जवळजवळ ओरडले. "अगं, बावन्न गुंठे नुसतं छप्पर! त्यावर शिसं! आणि हा प्रदेश कसला, तर वर्षभर टिपटिप!"

त्या क्षणापासून चॅट्सवर्थचा ड्यूक हा काकांच्या दृष्टीने सरदार राहिला नाही. एक अडचणीत सापडलेला घरमालक झाला. पुढे कळलं की तो घरमालकही नाही. 1981 पासून घर एका विश्वस्त संस्थेकडे आहे आणि ड्यूक तिला भाडं देऊन राहतो. काकांना हे ऐकून बरं वाटलं. भाडेकरूने छपराची काळजी करायची नसते, एवढं तरी सुख त्याच्या वाट्याला आलं.

हे असं का झालं, तर वारसा करामुळे. दहावे ड्यूक हुशार होते. त्यांनी सगळी मालमत्ता मुलाच्या नावे करून ठेवली. अट अशी की त्यानंतर पाच वर्षं जगायचं, मग कर माफ. 1950 मध्ये पाच वर्षांना चौदा आठवडे कमी असताना ते वारले. कर पडला ऐंशी टक्के. चित्रं गेली, जमिनी गेल्या, हार्डविकचा आख्खा वाडा सरकारला देऊन टाकावा लागला. विसाव्या शतकात अशा शेकडो वाड्यांवर कुदळ चालली. जे तरले ते लोकांना आत घेऊन. लाँगलीटच्या मार्क्विसने 1949 मध्ये तिकीट लावून घर उघडलं, आणि नुसतं घर पुरेना म्हणून 1966 मध्ये आवारात सिंह सोडले. आज तिथे लोक सिंह बघायला जातात आणि माकडं त्यांच्या गाडीचे वायपर उपटून नेतात. सिंहांच्या जिवावर छप्पर टिकलंय.

काकांनी हे ऐकून घेतलं आणि वाटेवरच्या एका पायरीवर बसून हिशेब मांडला. तिकीट, गाडी लावायचे पैसे, सूप, स्कोन, दुकानातला साबण. "म्हणजे हा सगळा देश शनिवार-रविवारी चहा पितो तो या लोकांची गळती थांबवायला." मला इतकी वर्षं जे नीट सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. काकूंनी लगेच आणखी एक स्कोन घ्यायला परवानगी दिली, धर्मादाय म्हणून.

बाहेर कारंजं उडत होतं. झार निकोलस पहिला येणार म्हणून सहाव्या ड्यूकने 1844 मध्ये ते बांधून घेतलं. माळी जोसेफ पॅक्स्टनने डोंगरावर आठ एकरांचं तळं खणलं, पाइप खाली आणला, रात्री मशाली लावून काम केलं आणि सहा महिन्यांत पाणी जवळजवळ नव्वद मीटर उडवून दाखवलं. पंप नाही, इंजिन नाही, नुसता उतार. झार आला नाही. काकांनी टोपी काढली. ती त्यांनी आख्ख्या इंग्लंडमध्ये कुणासाठी काढली नव्हती.

"सहा महिने!" ते म्हणाले. "आमच्याकडे एवढ्यात टेंडर उघडत नाही. आणि साहेब आलेच नाहीत. हे मात्र अगदी आमच्यासारखं."

आसपासची हिरवी टेकडी, मधून वळण घेत जाणारी नदी, इकडे तिकडे सहज उगवल्यासारखी झाडं, हे बघून काकू म्हणाल्या की निसर्गाने किती दिलंय या लोकांना. काकांनी डोळे बारीक केले. नदीच्या काठाचा उतार त्यांना पटेना. माहितीच्या फलकावर उत्तर होतं. 1760 च्या दशकात लान्सलॉट ब्राऊन नावाच्या माणसाने हे सगळं हलवलं होतं. तो प्रत्येक जमीनदाराला तुमच्या जागेत वाव आहे असं सांगायचा, म्हणून त्याचं नाव केपेबिलिटी ब्राऊन पडलं. टेकडी कापायची, तळं फुगवायचं, सरळ बाग मोडून वाकडी करायची, आणि गुरं हिरवळीवर येऊ नयेत पण कुंपणही दिसू नये म्हणून मध्ये खोल चर खणून त्याची एक बाजू भिंतीने बांधून काढायची. "हा निसर्ग नव्हे," काका समाधानाने म्हणाले, "हे अर्थवर्क आहे."

वाड्यातून दिसतं म्हणून एडन्सर हे गावही हलवलं गेलं. तेही सहाव्या ड्यूकच्याच काळात, 1840 च्या आसपास. नवीन गाव टेकडीआड, आणि प्रत्येक घर वेगळ्या धर्तीचं. एक स्विस पद्धतीचं, एक इटालियन, एक किल्ल्यासारखं. आम्ही तिथून चालत गेलो. खिडक्यांत फुलं, दारात मांजरं. काकू फोटो काढत होत्या. काका एका घराच्या फाटकाशी थांबले आणि काही बोलेनात. त्यांच्या नोकरीची काही वर्षं धरणग्रस्तांच्या वसाहतींच्या कामात गेली होती. कोयनेच्या लोकांचे जमिनीचे दावे अजून चालू आहेत, हे त्यांना कुणी सांगायला नको. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुनर्वसनाचे गाळे म्हणायचे हे. यांना चिमणी आहे." आणि पुढे चालायला लागले.

चालणं हा इथला दुसरा धर्म. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर पायवाटा अशा आहेत की जमीन कुणाचीही असो, त्यावरून जायचा हक्क सगळ्यांना. पिवळा बाण दिसला की शेतकऱ्याच्या गव्हातून, अंगणातून, कधीकधी त्याच्या न्याहारीच्या खिडकीसमोरूनही खुशाल जायचं. मात्र कुंपण आलं की दगडी पायऱ्यांवरून पलीकडे उतरायचं, नाहीतर एका वेळी एकच माणूस मावेल असलं वळणाचं फाटक. हे फाटक साडीसाठी केलेलं नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस, वर माझा रेनकोट आणि डोक्याला स्कार्फ, अशा त्या चालायला लागल्या.

एका शेतात वाटेवर काळ्या-पांढऱ्या गाई उभ्या होत्या. वीसेक असतील, सगळ्या तोंड फाटकाकडे करून. अलीकडे एक इंग्रज जोडपं काठ्या टेकून, नकाशा उघडून, गाई कधी हलतील याची वाट बघत थांबलेलं. वासरं बरोबर असली तर गाई अंगावर येतात, असा इशारा इथे सगळीकडे दिलेला असतो आणि तो खोटा नाही. मी मागे फिरायच्या विचारात होते. काकूंनी आधी नमस्कार केला, मग वासरू नाही हे बघून घेतलं, छत्री उलटी धरली आणि "हॅऽऽ हॅऽऽ, सर गं बये, हो बाजूला" असा माहेरचा आवाज काढला. गाई सरकल्या. एकीच्या पुठ्ठ्यावर तर काकूंनी हलकेच चापट मारली. इंग्रज जोडपं आमच्या मागून चोरपावलांनी आलं आणि पलीकडे गेल्यावर त्या बाईंनी विचारलं, तुमच्या मावशी शेतकरी आहेत का. मी म्हटलं, नाही, शाळेत गणित शिकवायच्या.

हा चालायचा हक्क असा सहज मिळालेला नाही. 1932 मध्ये मँचेस्टर-शेफील्डकडची गिरणी-कारखान्यातली काहीशे पोरं किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसली. ते पठार तेव्हा शिकारीसाठी राखलेलं, ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मालकीचं, म्हणजे चॅट्सवर्थवाल्यांचंच. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे 1951 मध्ये याच भागात ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2002 मध्ये अकराव्या ड्यूकने आजोबांच्या वतीने जाहीर माफी मागितली.

"सत्तर वर्षांत माफी," काका म्हणाले. "फाइल भराभरा हलली म्हणायची."

पाऊस आला की चालणारे गाडीत जाऊन बसतात. गाडी सुरू करत नाहीत. डोंगराकडे तोंड करून लावलेल्या गाड्यांच्या रांगा, प्रत्येक गाडीत दोघं, मांडीवर सँडविच, मध्ये थर्मास, काचेवर वाफ धरल्यामुळे डोंगर दिसत नाही, तरी नजर त्याच दिशेला. आम्ही त्या रांगेत भडंग खात बसलो होतो. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली केली, वास घेतला, पुन्हा वर केली. थोड्या वेळाने पुन्हा खाली केली. काकूंनी कागदाच्या पुडीत भडंग दिलं. पलीकडून फळांच्या केकचे दोन तुकडे आले. एकमेकांना कुणी नाव विचारलं नाही.

हार्डविक काकूंचं. तिथे काकांना काही बोलू दिलं गेलं नाही. सोळाव्या शतकातल्या बेस या बाईने एकामागून एक चार नवरे केले, प्रत्येक आधीच्यापेक्षा श्रीमंत, आणि चौथा वारल्यावर सत्तरीच्या उंबरठ्यावर हा एवढा वाडा उठवला. जुना वाडा शेजारीच अपुरा असताना नवीन सुरू केला. काच महाग होती त्या काळात भिंतीपेक्षा खिडक्या जास्त ठेवल्या आणि सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर स्वतःच्या नावाची अक्षरं दगडात कोरून उभी केली, खालच्या दरीतून दिसावीत अशी. काकू मान वर करून बराच वेळ बघत होत्या. मग काकांना म्हणाल्या, "आपल्या बंगल्याला तुमच्या आईंचं नाव आहे." काका घाईघाईने दगडाचा प्रकार तपासायला गेले.

परतीच्या आधी कॉल्क ॲबी उरलं होतं. हार्पर क्रू घराण्याचं. या लोकांनी काही टाकलं नाही. भुसा भरलेले पक्षी, दगड, शंख, खेळणी, एक खोली भरली की दार ओढून घ्यायचं आणि पुढच्या खोलीत राहायला जायचं. एका मालकाने आवारात मोटारींना बंदी केली होती. वीज आली 1962 मध्ये. 1985 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे घर आलं तेव्हा चिनी रेशमाचा एक भव्य पलंग खोक्यांतच सापडला. अठराव्या शतकात आलेला, कधी धड मांडलाच न गेलेला, म्हणून त्याचे रंग काल विणल्यासारखे. काकू म्हणाल्या की हा आपला माळाच आहे, फक्त जिना लावायची गरज नाही.

पण काका हादरले ते वेगळ्याच गोष्टीने. भिंतीचा कागद सोलून लोंबत होता. छताचा गिलावा गेलेला. रंगाचे पोपडे. त्यांनी स्वयंसेवक आजोबांना गाठलं आणि काम कधी हाती घेणार ते विचारलं. आजोबा म्हणाले, काम झालंय. छप्पर नीट केलं, गळती काढली, आणि आत मिळालं तसं ठेवलं. यापुढे पडझड होऊ द्यायची नाही आणि झालेली दुरुस्तही करायची नाही, हेच धोरण. तो लोंबणारा कागद तिथेच लोंबत राहावा म्हणून त्याची देखभाल होते.

काका मटकन बसणार होते, पण खुर्चीवर काटेरी बोंड होतं.

"म्हणजे मोडकळीला आलेलं मोडकळीतच राहावं म्हणून खर्च?" त्यांनी मला मराठीत विचारलं. "आणि ऑडिटला चालतं हे? अगं, मग आमच्या मिरजेच्या विश्रामगृहाने काय घोडं मारलं होतं? त्याच्यावर मला मेमो का आला?"

आजोबांना काय झालं ते समजेना. मी सांगितलं की हे इंजिनियर आहेत. आजोबा खूश झाले, म्हणाले मीही, पूल बांधायचो. मग दोघं बाहेर गेले. तासाभराने आम्हाला ते मागच्या अंगणात सापडले, पावसात, मान वर करून, एका पन्हाळीकडे बघत. पन्हाळीत गवत उगवलं होतं आणि पाणी भिंतीवरून खाली येत होतं. काकांनी खिशातून पेन काढलं, अभिप्रायाचं कार्ड मागून घेतलं आणि इंग्रजीत, अनेक वर्षांच्या सवयीने, क्रमांक टाकून शेरा लिहिला. पावसाळ्यापूर्वी सदर पन्हाळ साफ करून घ्यावी आणि अनुपालन कळवावे.

आजोबांनी चष्मा पुसून कार्ड दोनदा वाचलं, टोपीवरून नाकावर ओघळणारं पाणी झटकलं आणि अगदी मनापासून विचारलं, "पावसाळ्यापूर्वी म्हणजे नेमकं कधी?"